जागा आपल्या, बसतंय कोण?



गेल्या महिन्याच्या बैठकीत मेडिकलच्या ॲडमिशनचा विषय निघाला तेव्हा एका म्हाताऱ्या कारभाऱ्यांनी सरळ विचारलं, "आपली लढाई जमिनीची. केंद्राचं परिपत्रक आलंय, ३० सप्टेंबर २००२ पर्यंत अतिक्रमण काढा म्हणतात. आपले प्लॉट जायची वेळ आली आणि तुम्ही पोरं डॉक्टरीच्या ॲडमिशनचं काय काढलंत?" बैठकीत बरेच जण हसले. काहींनी मान डोलावली. आम्हाला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते आता लिहून देतोय. ज्यांना वाचता येतं त्यांनी इतरांना वाचून दाखवावं.

प्रश्न बरोबर आहे. पण कारभाऱ्यांनीच त्याच बैठकीत आधी काय सांगितलं होतं ते आठवा. त्यांच्या पाड्यावरच्या सुनेला गेल्या पावसाळ्यात कळा सुरू झाल्या. बांबूला झोळी बांधून चौघांनी तिला डोंगर उतरून खाली आणलं. आरोग्य केंद्रात डॉक्टर नव्हता. सिस्टर होती, तिने हात जोडले, म्हणाली मूल आडवं आहे, माझ्याच्याने होणार नाही, पुढे न्या. पुढे न्यायला जीप मिळेपर्यंत दुपार झाली. बाई वाचली, मूल गेलं. डॉक्टर कुठे होता? नव्हताच. आधीचा बदली करून गेला, नवा आला नाही. मधे भरारी पथकाचा डॉक्टर येऊन जायचा तेवढंच.

सरकारचा नियम असा आहे की डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र पाहिजे. नियमाप्रमाणे इमारती झाल्या. काही ठिकाणी चांगल्या झाल्या. पण इमारत बाळंतपण करत नाही. डॉक्टर पाहिजे, आणि तो राहणारा पाहिजे. मग पहिला प्रश्न असा येतो की डॉक्टर होतात कोण? कुठल्या घरातून येतात? जो मुलगा मोठ्या शहरात वाढला, ज्याचे आई-बाप तिथे, बायको तिथे, त्याला आपल्या डोंगरात करमत नाही, हे आम्ही समजू शकतो. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. पण मग डोंगरातला मुलगा डॉक्टर का होत नाही, हे कोणीतरी विचारायला पाहिजे.

लोक म्हणतात, तुम्हाला तर राखीव जागा आहेत. आहेत. किती आहेत ते आधी मोजू.

एखाद्या सरकारी मेडिकल कॉलेजात १०० जागा आहेत असं धरा. त्यातल्या १५ जागा २००२ साली अखिल भारतीय परीक्षेतून भरायचे, तिथे आपल्याला राखीव काही नव्हतं. उरल्या ८५. त्यात अनुसूचित जमातीला ७ टक्के, म्हणजे सहा जागा. १९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ७३ लाख आदिवासी, म्हणजे शंभरात नऊ. लोक नऊ, जागा सात टक्क्यांनी. तेही असो. शिवाय २००२ साली ७० टक्के जागा त्या त्या विभागात बारावी झालेल्या मुलांना द्यायचे. विदर्भ एक विभाग, मराठवाडा एक, आणि बाकीचा सगळा "उर्वरित महाराष्ट्र". आपलं धडगाव-अक्कलकुवा कुठल्या टोपलीत? पुणे-मुंबईच्या टोपलीत. पुण्यातल्या क्लासवाल्या मुलाची आणि तोरणमाळच्या पोराची एकच रांग.

आता त्या सहा जागांवर कोण बसतं ते बघा.

पहिले: नाव आपलं, माणूस दुसरा

१९७६ पर्यंत अनुसूचित जमातींच्या यादीला भागाची अट होती. एखादी जमात ठराविक जिल्ह्यात, ठराविक तालुक्यात राहत असेल तरच ती यादीत धरायची. हे अन्यायाचं होतं, कारण खरा आदिवासी कामासाठी हद्दीबाहेर गेला की त्याचं आदिवासीपण संपायचं. म्हणून संसदेने १९७६ साली कायदा करून राज्याच्या आतली भागाची अट काढली. काढली ते बरं केलं. पण त्या दारातून खऱ्यांबरोबर दुसरेही आत आले. ज्यांच्या जातीचं नाव आपल्या जमातीच्या नावासारखं आहे, त्यांनी एक शब्द पुढे-मागे केला आणि दाखला काढला. कोळी होता तो महादेव कोळी झाला. कोष्टी होता तो हलबा झाला. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ५४ हजार आदिवासी होते. १९८१ ला ५७ लाख ७२ हजार. दहा वर्षांत जवळपास दुप्पट. अट निघाल्यामुळे खरे आदिवासीही मोजणीत आले हे खरं आहे, पण सगळी वाढ तेवढ्याने होत नाही. आपल्या पाड्यात दहा वर्षांत माणसं दुप्पट झालेली कोणी पाहिली आहेत का? आपल्याकडे तर पाळण्यातली पोरं जात होती.

हे आम्ही रागाने म्हणत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. १९९४ साली दोन बहिणींचा खटला होता. बापाच्या शाळेच्या रजिस्टरात हिंदू कोळी, मुलींच्या दाखल्यावर महादेव कोळी. एक एमबीबीएसला, एक दाताच्या डॉक्टरीला. न्यायालयाने दावा खोटा ठरवला आणि पुढे तपासणी कशी करायची याचे नियम घालून दिले. थोरलीचं शिक्षण शेवटच्या वर्षापर्यंत पोचलं होतं म्हणून तिला ते पुरं करू दिलं.

दुसरा निकाल २८ नोव्हेंबर २००० चा, पाच न्यायाधीशांचा. हलबा-कोष्टी म्हणजे हलबा नव्हे, यादीत जे लिहिलंय त्यात भर घालायचा अधिकार कुठल्या कोर्टाला नाही, फक्त संसदेला आहे, असं त्यात स्पष्ट सांगितलं. हा आपला मोठा विजय आहे. पण त्यातला मुलगा १९८५-८६ ला आपल्या जागेवर एमबीबीएसला गेला होता. खटला संपेपर्यंत पंधरा वर्षं झाली. न्यायालयाने मान्य केलं की त्याच्यामुळे एक आदिवासी उमेदवार डॉक्टरीला मुकला. आणि तरी म्हटलं की आता त्याची पदवी काढली तर समाजाचा एक डॉक्टर जाईल, त्याच्यावर जनतेचा पैसा खर्च झालाय, म्हणून पदवी राहू द्या, मात्र यापुढे आदिवासी म्हणून काही मिळणार नाही.

आम्ही न्यायालयाचा मान ठेवतो. पण आमच्या डोक्यातून तो "एक उमेदवार" जात नाही. त्याचं नाव निकालात नाही. तो कोण होता? गडचिरोलीचा गोंड होता की आपल्याकडचा भिल्ल की मेळघाटातला कोरकू? कोणालाच माहीत नाही. त्याला स्वतःलाही माहीत नसेल की आपली जागा दुसऱ्याने घेतली. त्याला वाटलं असेल, आपले मार्कच कमी पडले. तो कुठेतरी शिपाई असेल नाहीतर ऊसतोडीला गुजरातेत जात असेल. आपल्या जमिनी सावकाराने घेतल्या तेव्हा निदान आपल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं की शेत कुठलं आणि घेतलं कोणी. जागेचं तसं नाही. जागा गेलेली कळत पण नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. कोष्टी-कोळी समाजातल्या गरिबांशी आमचं भांडण नाही. हातमाग बंद पडलेल्या विणकराच्या घरात पण चूल पेटत नाही. त्यांना १९९५ साली विशेष मागास प्रवर्गात २ टक्के आरक्षण दिलंय, ते कमी पडत असेल तर त्यांनी वाढवून मागावं, आम्ही त्यांच्या मोर्चाला जाऊ. पण आमच्या ताटातलं घेऊ नका एवढंच म्हणणं आहे.

दुसरे: माणूस आपला, कागद नाही

आता उलट बाजू. आमच्या शेजारच्या पाड्यावरची एक मुलगी आहे. तिचं नाव लिहीत नाही. आश्रमशाळेत शिकली, दहावीला पहिली आली, एका सरांनी स्वतःच्या ओळखीवर तिला तालुक्याच्या ठिकाणी सायन्सला घातली. बापाने दोन बैल होते त्यातला एक विकला. गेल्या वर्षी तिने सीईटी दिली आणि राखीव जागेत बसतील एवढे मार्क मिळवले. आपल्या सगळ्या खोऱ्यात हे पहिल्यांदा झालं.

तिच्याकडे जातीचा दाखला होता, पण पडताळणी झालेली नव्हती. समितीकडे अर्ज केला. समितीने मागितला १९५० च्या आधीचा पुरावा. बापाचा, आजाचा, चुलत आजाचा, कोणाचाही शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद, महसुलाचा कागद. भाऊ-बहिणींनो, १९५० च्या आधी आपल्या डोंगरात शाळा कुठे होती? तिचा आजा शाळेची पायरी चढलेला नाही. तिचं गाव वनगाव. तिथे महसुलाचं दप्तरच नव्हतं, मोजणी झालेली नव्हती, तर कोतवाल बुक कुठून येणार? जंगल खात्याने आजाला दंड केला होता त्याची पावती घरात होती, वाशाला खोचून ठेवलेली. ती पावसाने गळून गेली.

मग तिला मुलाखतीला बोलावलं. तुमच्यात लग्नात काय करतात, मेल्यावर काय करतात, देव कोणते, असं विचारलं. पोरगी सहाव्या वर्षापासून आश्रमशाळेत. होळीला घरी यायची तर परीक्षा तोंडावर, इंदलच्या वेळेला शाळा चालू. तिला देवमोगरा माहीत, बुध्या माहीत, पण इंदलचा विधी ओळीने सांगता आला नाही. समोर साहेब बसलेले, ती मराठीत अडखळली. तिच्या बोलीत विचारलं असतं तर तासभर बोलली असती. आणि आम्ही असं ऐकलंय की ज्यांना खोटा दावा करायचा असतो ते पुस्तकातून आपले देव पाठ करून जातात. आपल्या रीती आपल्यापेक्षा चांगल्या सांगतात.

तिचा दावा पडून राहिला. ॲडमिशनच्या टेबलावर तिला सांगितलं, पडताळणीचा कागद आण, नाहीतर खुल्यात जा. ती परत आली. बाप काही बोलला नाही. राहिलेला बैल घेऊन दुसऱ्याच्या शेतावर गेला.

नंतर एका वकिलाने आम्हाला सांगितलं ते ऐकून डोकं बधिर झालं. त्याच १९९४ च्या निकालात लिहिलंय की पडताळणीला उशीर झाला आणि ॲडमिशनची मुदत संपत आली, तर असलेल्या दाखल्यावर किंवा पालकाच्या प्रतिज्ञापत्रावर तात्पुरता प्रवेश द्यावा, पुढे चौकशीत जे ठरेल ते खरं. म्हणजे मुलीला गेल्या वर्षी बसवता आलं असतं. आम्हाला माहीत नव्हतं. टेबलावरच्या माणसाने सांगितलं नाही. आणि हीच सवलत घेऊन खोटे दाखलेवाले बसतात, मग कोर्टात स्थगिती आणतात, तारखा पडत राहतात. एमबीबीएस साडेचार वर्षं, वर ट्रेनिंगचं एक वर्ष. तोवर डॉक्टर होऊन बाहेर. जो नियम आपल्या मुलीसाठी केला तो आपल्या मुलीला कोणी सांगितला नाही, आणि ज्यांच्यासाठी नव्हता त्यांना तो पाठ.

कारभारी, हे तुम्हाला ओळखीचं वाटतं का? आपल्या प्लॉटचं हेच तर चालत आलंय. तीन पिढ्या कसतोय, पण पुरावा आणा. पुरावा कुठला, तर दंडाची पावती. ती नसली तर तुम्ही अतिक्रमणदार. आणि ज्याने रात्रीत सातबाऱ्यावर नाव चढवून घेतलं तो मालक. ज्याच्याकडे कागद तो खरा, ज्याच्याकडे जमीन तो चोर. कॉलेजातही तसंच, ज्याच्याकडे कागद तो आदिवासी. म्हणून आम्ही म्हणतो, हा वेगळा विषय नाही. जमीन आणि जागा, दोन्हींची लढाई कागदापाशीच येऊन थांबते.

तिसरे: आपलेच, पण डोंगर सोडलेले

आता जरा स्वतःकडे पण बघू. खोटे सगळे बाजूला काढले तरी त्या सहा जागांवर आपल्या पाड्यातली पोरं बसतील का? बहुतेक बसणार नाहीत. तिथे साहेबांची पोरं बसतील. बाप अधिकारी, आई शिक्षिका, जिल्ह्याच्या नाहीतर विभागाच्या ठिकाणी बंगला, मुलगा इंग्लिश मीडियममध्ये. ते आदिवासी आहेत, त्यांना खोटं म्हणायचा आम्हाला अधिकार नाही. शहरात त्यांनाही आडनावावरून टोमणे ऐकावे लागतात हे आम्हाला माहीत आहे. त्यांच्या बापाने आपल्यासारखंच कंदिलावर शिकून नोकरी मिळवली. त्यांच्यावर जळू नका.

पण एक विचारावं वाटतं. तुमच्या घरात एक पिढी शिकली, दुसरी शिकली. तिसऱ्याला पुढे जाताना मागे वळून बघाल का? सुट्टीत तुमची पोरं गावाला पाठवाल का? आमच्या पोरांना फॉर्म कसा भरायचा, कुठला क्लास लावायचा, तात्पुरता प्रवेश म्हणजे काय, एवढं सांगाल का? आम्हाला पैसे नकोत, माहिती पाहिजे. ज्या गोष्टीने आपली मुलगी गेल्या वर्षी परत आली ती दोन ओळींची माहिती होती.

चौथे: रांगेत उभेच नाहीत

आणि सगळ्यात मोठी संख्या यांची. यातच आम्ही पण आलो. आम्ही बारावी झालो ते आर्ट्समधून. आवड होती म्हणून आर्ट्स घेतलं असं नाही, आमच्या आश्रमशाळेच्या वर सायन्सच नव्हतं. दहावीपर्यंत प्रयोग म्हणजे काय ते फळ्यावर चित्र काढून शिकलो. लिटमस निळा होतो की लाल होतो ते पाठ केलं, लिटमस पाहिला नाही. गणिताचे सर दोन वर्षं नव्हते, चित्रकलेचे सर गणित घ्यायचे. दहावीला आमच्या वर्गात निम्मी पोरं गणित-इंग्रजीत गेली. राहिलेल्यांपैकी सायन्सला कोण जाणार? आणि गेला तरी अकरावीला सगळं एकदम इंग्रजीत. घरात पावरी, नाहीतर भिलोरी. शाळेत मराठी, ती पण दुसरी-तिसरीत कुठे कळायला लागते. आणि मग इंग्रजी. तीन नद्या ओलांडायच्या, पूल एकावर पण नाही.

नियम असा आहे की मेडिकलला खुल्या मुलाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत किमान ५० टक्के पाहिजेत आणि राखीव मुलाला ४०. लोकांना हे ४० दिसतात. ४० पर्यंत पोचायला लागलेला रस्ता दिसत नाही.

यावरून आमच्या एका मित्राला एसटीत कोणीतरी म्हटलं, "तुमचे कमी मार्कांचे डॉक्टर, त्यांच्याकडे आम्ही ऑपरेशन करायचं का?" त्याला आमचं उत्तर असं. राखीव जागेची सवलत आत जायच्या दाराशी आहे. आत गेल्यावर परीक्षा सगळ्यांना एक, पास व्हायचे मार्क सगळ्यांना एक. पेपर तपासणाऱ्याला जात माहीत नसते. जो पास होतो तो डॉक्टर, जो होत नाही तो बसतो. आणि मार्कांची एवढी काळजी असेल तर अनिवासी भारतीयांच्या कोट्याकडे पण बघा. तिथे २००२ साली ५० टक्के आणि बापाच्या खिशात लाखो रुपये असले की पुरायचं. त्या डॉक्टरला कोणी मार्क विचारत नाही.

आपला डॉक्टर तरी डोंगरात येईल का?

हा प्रश्न एका ताईंनी बैठकीत विचारला आणि तो सगळ्यात अवघड आहे. आपली मुलगी डॉक्टर झाली तर ती परत येईल, की शहरात दवाखाना टाकेल? खरं सांगायचं तर शब्द देता येत नाही. काही येतील, काही नाही येणार. तिला पण चांगलं घर, लाईट, पोरांना शाळा पाहिजे असेल. आदिवासी म्हणून जन्माला आली म्हणजे तिने आयुष्यभर चिखलातच राहावं, असं आपण म्हणू शकत नाही. शहरातल्या डॉक्टरला कोणी असं म्हणत नाही.

तरी फरक आहे. कळा देणारी बाई कुठे दुखतंय ते तिच्या बोलीत सांगेल आणि डॉक्टरला कळेल. भगताकडे जाऊन आलोय हे लपवावं लागणार नाही. दहा मुली डॉक्टर झाल्या आणि तीन आल्या, तरी आज असलेल्या शून्यापेक्षा ते तीन जास्त आहेत. आणि ज्या सात येणार नाहीत त्यांच्याकडे पाहून आश्रमशाळेतली पोरगी म्हणेल, हे होऊ शकतं.

दुसरं म्हणजे, सरकारी कॉलेजात शिकलेल्यांकडून सरकारी सेवेचं बंधपत्र लिहून घेतात. पण दंड भरला की सुटका व्हायची. गंमत बघा, आपण दंड भरला की आपण गुन्हेगार ठरतो, ते दंड भरून मोकळे व्हायचे. सेवा ही दंडाने फिटणारी गोष्ट नाही. आपली मुलं असोत की दुसऱ्यांची, सेवा झालीच पाहिजे.

मग आमचं म्हणणं काय?

खोट्या दाखल्यावर जे आधीच डॉक्टर झाले त्यांचं काय करायचं, यावर संघटनेत दोन मतं आहेत. काही साथी म्हणतात पदव्या काढा, तुरुंगात टाका. कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झालाय, त्यात दाखला खोटा ठरला तर पदवी रद्द होते, सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. यापुढे जो करेल त्याला तो पूर्ण लागू करावा, कोणाची चिठ्ठी आली तरी. पण जुन्यांच्या मागे धावण्यात आपली दहा वर्षं जातील, असं आम्हाला वाटतं. आम्हाला सूड नको, जागा परत पाहिजे.

जमिनीत हे झालंय. आदिवासींच्या ज्या जमिनी १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेल्या त्या परत करायचा कायदा १९७४ चा आहे. किती परत मिळाल्या ती वेगळी गोष्ट, पण तत्त्व मान्य झालं की गेलेलं परत द्यायचं. मग जागेला हे तत्त्व का नाही? ज्या मुलाची जागा गेली त्याला ती आता देता येणार नाही, तो म्हातारा होत चालला. पण समाजाला देता येते. म्हणून आमच्या मागण्या:

१. जितके दाखले खोटे ठरतील तितक्या जादा जागा पुढच्या वर्षी अनुसूचित जमातीला द्या. ठरलेल्या ७ टक्क्यांच्या वर.

२. पडताळणी दहावीलाच सुरू करा, ॲडमिशनच्या दारात नको. १९९४ च्या निकालात चौकशीला दोन महिन्यांची मुदत सांगितली आहे, ती पाळा.

३. चौकशी करणाऱ्याने गावात यावं. १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्या रूढी-परंपरा सांभाळायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. मग कोण आपला आणि कोण नाही हे ग्रामसभेला विचारा, मुलीला तिच्या बोलीत विचारा. वनगावाला १९५० चा महसुली कागद मागू नका.

४. प्रत्येक प्रकल्प ऑफिसच्या हद्दीत निदान एका आश्रमशाळेत अकरावी-बारावी सायन्स, शिक्षक आणि प्रयोगशाळेसकट. आणि बारावीनंतर एक वर्ष प्रवेश परीक्षेची तयारी सरकारी खर्चाने.

५. बंधपत्राची सेवा दंडाने फिटणार नाही असा नियम करा, आणि त्यातले डॉक्टर आधी अनुसूचित क्षेत्रातल्या रिकाम्या जागांवर पाठवा.

गावांनी काय करायचं

मागण्या सरकारने ऐकेपर्यंत आपण बसून राहायचं नाही. प्लॉटसाठी आपण आता कागद गोळा करतोच आहोत. तेच कागद मुलांना पण लागतात. दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, कोणाच्या आजाचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, गाव नमुना १४ ची नक्कल. एकाच कुळातल्या एकाचा जुना कागद सापडला तर चुलत्या-पुतण्यांना पण चालतो, म्हणून प्रत्येक पाड्याने कुळाची वंशावळ लिहून ठेवा. म्हातारी माणसं आहेत तोवर लिहा. वाशाला खोचलेल्या पावत्या काढा, प्लास्टिकमध्ये घाला, झेरॉक्स काढा, एक प्रत संघटनेच्या ऑफिसात द्या.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन ठराव एकाच दिवशी करा. एक प्लॉटचा, एक जागेचा. ठरावाचा मजकूर या पत्रकासोबत जोडला आहे.

त्या मुलीबद्दल सांगायचं राहिलं. तिने यंदा परत सीईटी दिली. वर्षभर आश्रमशाळेतल्या लहान पोरांना शिकवून अभ्यास केला. मार्क गेल्या वर्षीपेक्षा चांगले आहेत. पडताळणीचा कागद अजून आलेला नाही. पुढच्या आठवड्यात ॲडमिशनच्या टेबलावर तिचा नंबर आहे. यंदा ती एकटी जाणार नाही. बाप, आम्ही दोघं आणि ते वकील सोबत जाणार आहोत. बापाचं प्रतिज्ञापत्र तयार आहे, त्यावर त्याचा अंगठा आहे, आणि निकालाची प्रत पण घेतली आहे, ज्या ठिकाणी तात्पुरत्या प्रवेशाचं लिहिलंय तिथे लाल रेघ मारून.

कारभारी, त्या दिवशी तुमच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही. हे आमचं उत्तर. काय होतं ते पुढच्या अंकात लिहू.

जिंदाबाद.